पाणीवाल्यापासून 'गेर्निका'पर्यंत : स्पॅनिश चित्रकार आणि आपण

वहीच्या शेवटच्या पानावर चित्रे काढीत बसलेल्या मुलाला घरातील वडीलधारी माणसे "मोठा पिकासो लागून गेलास!" असे सहज म्हणून जातात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळी करून परतणारे मोशी परिसरातील पालकही हे नाव सफाईने घेतात. नाव इतके परिचित, परंतु त्या नावामागचे एखादे चित्र डोळ्यांसमोर आणावयास सांगितले तर बहुतेकांची अडचण होते. यात दोष कोणाचाच नाही. आपल्याकडे चित्रकला हा विषय एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन परीक्षांपुरता आणि दहावीच्या निकालात मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांपुरता उरला आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव होतो. ज्यांनी हे प्रकार घडविले ती माणसे मात्र पाठ्यक्रमाबाहेर राहतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांपैकी एका देशाच्या चित्रकारांचा परिचय करून देऊ इच्छितो. तो देश स्पेन. स्पेन निवडण्याचे कारण हे की राजे, धर्मगुरू आणि सरदार यांच्या पदरी राहूनही ज्यांनी पाणीवाला, लोहार, भिकारी, गुलाम आणि गोळीस बळी पडणारा अनाम माणूस यांना चित्राच्या मध्यभागी आणले, असे चित्रकार त्या देशात एकापाठोपाठ एक झाले. त्यांचा परिणाम शेवटी मुंबईपर्यंत, गोव्यापर्यंत आणि पंढरपुरात जन्मलेल्या एका मुलापर्यंत येऊन पोहोचला.

आरंभ दिएगो व्हेलास्केस याच्यापासून करणे योग्य ठरेल. त्याचा जन्म सेव्हिल या नगरात 1599 मध्ये झाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे 1618 मध्ये, त्याने अंडी तळणाऱ्या एका वृद्ध स्त्रीचे चित्र काढले. पुढे दोनेक वर्षांत 'सेव्हिलचा पाणीवाला' हे चित्र आले. ते आज लंडनमधील ॲप्सली हाऊस येथे आहे. फाटका अंगरखा घातलेला, रापलेल्या चेहऱ्याचा एक वयस्क मनुष्य एका मुलाच्या हाती पाण्याचा पेला देत आहे. पेल्याच्या तळाशी एक अंजीर दिसते. पाण्यास चव यावी म्हणून ते टाकीत असत असे सांगतात. पुढे एक मोठा मातीचा रांजण आहे आणि त्याच्या पोटावर झिरपलेले पाण्याचे थेंब आहेत. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या प्रश्नपत्रिकेत माठ, पेला आणि कापड समोर मांडून विद्यार्थ्यांना बसवितात. मातीचा खरबरीतपणा आणि काचेची चकाकी एकाच रंगपेटीतून कशी साधावी, हा प्रश्न त्यांना तेथे पडतो. तो प्रश्न चारशे वर्षांपूर्वी या तरुणाने सोडविला होता. पण आम्हांस या चित्रात तंत्राहून अधिक काही दिसते. पाणी देणारा आणि पाणी घेणारा, दोघांचे हात एकाच पेल्यावर आहेत. ज्या समाजाने 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी पाऊल टाकले, त्या समाजातील वाचकास या दोन हातांकडे पाहून काय वाटेल हे आम्ही निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

1623 मध्ये व्हेलास्केस राजा चौथा फिलिप याच्या दरबारचा चित्रकार झाला. 1630 मध्ये इटलीच्या प्रवासात त्याने 'व्हल्कनची भट्टी' रंगविली. विषय पौराणिक आहे. सूर्यदेव अपोलो येऊन अग्निदेव व्हल्कन यास त्याच्या पत्नीच्या व्यभिचाराची वार्ता देतो. परंतु अपोलोच्या डोक्यामागचे तेजोवलय सोडले तर ही सरळसरळ लोहारांची कर्मशाळा आहे. उघड्या अंगाचे कामगार, ऐरणीवर तापून लाल झालेले लोखंड, हातोडा उचललेलाच राहिला आहे आणि सर्वांचे काम क्षणभर थांबले आहे. फोर्जिंगच्या शॉपमध्ये ज्यांनी आयुष्य घालविले अशा पालकांनी हे चित्र एकदा अवश्य पाहावे. देवापेक्षा कामगारांचे चेहरे अधिक खरे उतरले आहेत, असे आमचे मत आहे.

याच चित्रकाराच्या आयुष्यातील एक प्रकरण मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. व्हेलास्केसच्या चित्रशाळेत हुआन दे पारेहा नावाचा एक गुलाम होता. तो आफ्रिकी-मूर वंशाचा समजला जाई. रंग घोटणे, कॅनव्हास ताणणे, कुंचले धुणे ही त्याची कामे. 1650 मध्ये रोम येथे असताना व्हेलास्केसने त्याचे व्यक्तिचित्र काढले. गडद पार्श्वभूमी, पांढरी रुंद कॉलर, छातीशी आडवा धरलेला हात आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांस डोळा भिडवणारी नजर. हे चित्र रोममधील पँथिऑन येथे प्रदर्शित झाले तेव्हा पाहणारे थक्क झाले. ते थक्क झाले चित्रकाराच्या हातोटीमुळे. चित्रातील मनुष्य कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता आहे, याचे आश्चर्य त्यांपैकी किती जणांस वाटले असेल कोण जाणे. त्याच वर्षी 23 नोव्हेंबर रोजी व्हेलास्केसने त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली. मुक्तता चार वर्षांनी अमलात यावयाची होती. आम्ही येथे मालकाच्या औदार्याचे पोवाडे गाणार नाही. ज्या हाताने इतकी मानी नजर रंगविली, त्याच हाताने चार वर्षांची अट घातली, हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवावयास हवे.

पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला. 1661 मधील त्याचे 'संत मॅथ्यूला आलेली हाक' हे भव्य चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात अगदी डाव्या कडेला एक मनुष्य उभा आहे. त्याच्या हाती कागद असून त्यावर चित्रकाराचे नाव व वर्ष लिहिलेले आहे. तो स्वतः पारेहा. बायबलमधील प्रसंगात त्याने आपली जागा आपणच निश्चित केली.

यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी आर्तुरो शोम्बर्ग नावाचा पोर्तो रिकोत जन्मलेला एक कृष्णवर्णीय अभ्यासक न्यूयॉर्कमध्ये पुस्तके गोळा करीत होता. काळ्या लोकांस इतिहास नाही, असे त्याला लहानपणी एका शिक्षिकेने ऐकविले होते असे सांगतात. त्याने आयुष्यभर जमविलेला ग्रंथसंग्रह 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयास विकला गेला आणि त्या पैशांतून तो स्पेनला गेला. तेथे जाऊन त्याने पारेहाची चित्रे शोधून काढली. व्हेलास्केसने काढलेल्या पारेहाच्या चित्रास 1970 च्या लिलावात विक्रमी किंमत आली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते घेतले. पण पारेहाने स्वतः काढलेल्या चित्रांचे स्वतंत्र मोठे प्रदर्शन तेथे भरावयास 2023 साल उजाडले. ज्याचे चित्र निघते तो प्रसिद्ध होतो, परंतु जो चित्र काढतो त्याला थांबावे लागते, असा हा उलटा न्याय आहे.

व्हेलास्केसचे सर्वांत प्रसिद्ध चित्र 'लास मेनिनास' 1656 मधील. दहा फुटांहून उंच. मध्यभागी छोटी राजकन्या, भोवती दासी, उजवीकडे राजवाड्यातील एक ठेंगणी स्त्री आणि पहुडलेला कुत्रा, डावीकडे कुंचला घेतलेला स्वतः चित्रकार. राजा-राणी मात्र मागच्या भिंतीवरील आरशात अंधुक दिसतात, एवढेच. चित्रकाराच्या छातीवर सांतियागो या सरदारी पंथाचा लाल क्रूस आहे. तो नंतर रंगविला गेला. हा मान मिळविण्यासाठी व्हेलास्केसला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागल्या. आपल्या कुळात ज्यू वा मूर रक्त नाही, ही एक. आपण पोटासाठी हाताने काम करीत नाही, म्हणजेच चित्रे विकून जगत नाही, ही दुसरी. शंभराहून अधिक साक्षीदार तपासले गेले. जगातील श्रेष्ठ चित्रकारांपैकी एकास 'मी कारागीर नाही' असे शपथेवर वदवून घ्यावे लागले! स्पेनमधील या 'रक्तशुद्धी'च्या कल्पनेची आपल्या वाचकांस ओळख करून देण्याची गरज नसावी. इंग्रजीत जातीसाठी जो 'कास्ट' शब्द रूढ आहे, त्याचे मूळही स्पॅनिश-पोर्तुगीज 'कास्ता' या शब्दातच आहे.

त्याच शतकातील रिबेरा याने 1642 मध्ये पाय वाकडा असलेल्या एका भिकारी मुलाचे चित्र काढले. कुबडी खांद्यावर टाकून तो मुलगा हसतो आहे आणि आपण खालून वर पाहावे अशा रीतीने तो आकाशासमोर उभा आहे. ही उंची तोपर्यंत राजांसाठी राखीव होती. मुरिल्योने सेव्हिलच्या रस्त्यांवरील मुले रंगविली. ती गोड आहेत, कधी कधी जरा अधिकच गोड आहेत. त्यांच्या आधीचा एल ग्रेको हा मूळचा क्रीट बेटावरील ग्रीक. लांबट देह, राखेसारखे निळे-करडे रंग आणि वर खेचली जाणारी आकृती ही त्याची खूण. त्याला जग जवळजवळ विसरूनच गेले होते. पिकासोच्या पिढीने त्याला पुन्हा वर आणले, यावरून प्रभाव नावाची गोष्ट किती वाट पाहू शकते हे ध्यानात यावे.

आता फ्रान्सिस्को गोया. याच्यापाशी आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत.

गोयाचा जन्म 1746 चा. तोही राजदरबारी चित्रकार. 1792-93 च्या सुमारास गंभीर आजारात त्याचे कान कायमचे गेले. त्यानंतरची त्याची चित्रे पाहताना आपणही एखाद्या आवाजहीन खोलीत उभे आहोत असे वाटते. 1799 मध्ये त्याने 'काप्रिचोस' हा 80 ठशांचा संच प्रसिद्ध केला. भोंदू धर्मगुरू, अडाणी वैद्य, पैशासाठी लावलेली लग्ने, विद्वान म्हणून मिरवणारी गाढवे अशी त्या समाजाची झाडाझडती त्यात आहे. काही दिवसांतच त्याला तो विक्रीतून मागे घ्यावा लागला.

ही चित्रे तयार कशी होत, हे आपल्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांना चटकन समजेल. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारखा आम्लरोधक थर देतात. त्यावर सुईने रेषा काढली की तेवढ्या जागी तांबे उघडे पडते. पत्रा आम्लात बुडविला की उघडी रेषा खाल्ली जाते व तेथे बारीक चर पडतो. जितका वेळ आम्लात, तितका चर खोल आणि छापात रेषा काळी. मग थर पुसून चरांत शाई भरतात, पृष्ठभाग स्वच्छ करतात आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्राच्या रुळांतून पत्रा काढतात. रेषेऐवजी सपाट करडी छटा हवी असेल तर राळेची बारीक पूड पत्र्यावर चिकटवून घेतात. आम्ल कणांच्या मधल्या जागा खाते आणि कागदावर धुक्यासारखा करडेपणा उतरतो. यास ॲक्वाटिंट म्हणतात. प्लेटिंग वा डाय तयार करणाऱ्या शॉपमध्ये काम केलेल्या माणसास यात काहीच परके नाही. गोया हा या आम्लाचा उस्ताद होता. तैलचित्र एकाच धनिकाच्या भिंतीवर लागते, तर एका पत्र्याचे शेकडो कागद निघतात आणि चित्र हातोहाती फिरते. ज्यास लोकांपर्यंत पोहोचावयाचे आहे त्याचे हे माध्यम आहे.

1808 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने स्पेन व्यापला. 2 मे रोजी माद्रिदचे लोक रस्त्यावर उतरले. त्याच रात्री व दुसऱ्या पहाटे पकडलेल्या लोकांना ओळीने उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. फ्रेंच गेल्यानंतर 1814 मध्ये गोयाने तो प्रसंग रंगविला. '3 मे 1808' या चित्रात उजवीकडे सैनिकांची भिंत आहे. त्यांच्या पाठी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. जमिनीवर एक मोठा चौकोनी कंदील आहे. त्याचा सारा प्रकाश पांढरा सदरा घातलेल्या, दोन्ही हात वर केलेल्या एका मजुरावर पडला आहे. त्याच्या पायाशी आधीचे मृतदेह आणि मागे पुढची रांग, तोंडे झाकून घेतलेली. यापूर्वीच्या युद्धचित्रांत घोड्यावरचा सेनापती असे, झेंडे असत, विजय असे. येथे विजय कोणाचाच नाही. मरणाऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, तरी चित्र त्याचे आहे. याच काळात गोया 'युद्धाचे अनर्थ' ही ठशांची मालिका कोरीत होता. त्यातील एका ठशाखाली त्याने 'मी हे पाहिले' एवढेच लिहिले. ती मालिका त्याच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकली नाही. 1828 मध्ये तो फ्रान्समधील बोर्दो येथे वारला, आणि 1863 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर 35 वर्षांनी, तो संच छापला गेला.

गोयाने साक्षीदाराची जागा घेतली आणि ती पुढे रिकामी राहिली नाही. फ्रान्समध्ये माने याने 1860 च्या दशकात मेक्सिकोच्या सम्राटाला गोळ्या घातल्याचे चित्र काढताना गोयाचीच रचना डोळ्यांसमोर ठेवली. पुढे पिकासोने 1951 मध्ये कोरियातील हत्याकांडाच्या चित्रात तीच मांडणी वापरली. आपल्या देशात 1943 च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद गावोगाव पायी फिरून उपासमारीची रेखाटने करीत होते. त्यांचे 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून त्याच्या प्रती नष्ट केल्या. हेच चित्तप्रसाद पुढे मुंबईत स्थायिक झाले.

पाब्लो पिकासोचा जन्म 1881 चा, मालागा येथील. वडील चित्रकलेचे शिक्षक. लहान वयातच तो प्रादो संग्रहालयात व्हेलास्केसच्या चित्रांवरून रेखाटने करीत असे. 1907 मध्ये त्याने 'आव्हिन्योच्या तरुणी' हे चित्र काढले आणि चेहरा म्हणजे काय याविषयीची युरोपची समजूतच हलवून सोडली. त्यातील मुखवट्यांसारखे चेहरे त्याने प्राचीन इबेरियन शिल्पांतून आणि आफ्रिकी मुखवट्यांतून उचलले. त्या मुखवट्यांच्या कर्त्यांची नावे कोणी नोंदविली नाहीत. युरोपच्या संग्रहालयांत ते वासाहतिक लुटीच्या मालाबरोबर आले होते. पुढे ब्राक या फ्रेंच मित्रासह पिकासोने घनवाद उभा केला. एकच वस्तू समोरून, बाजूने आणि वरून पाहिल्यास जशी दिसेल तसे सारे एकाच पृष्ठभागावर मांडावयाचे, हे त्याचे मूळ सूत्र. यंत्राच्या सुट्या भागाचा नकाशा वाचणाऱ्या कामगारास पुढचे, बाजूचे आणि वरचे दृश्य शेजारी शेजारी पाहण्याची सवय असते. घनवाद ती तिन्ही दृश्ये एकमेकांत मिसळून टाकतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

26 एप्रिल 1937, सोमवार, बाजाराचा दिवस. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने उतरलेल्या जर्मन व इटालियन विमानांनी बास्क प्रांतातील गेर्निका या गावावर बाँब टाकले. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होता आणि तेथील जागतिक प्रदर्शनासाठी प्रजासत्ताक सरकारने त्यास एक मोठे चित्र मागितले होते. वृत्तपत्रांतून बातमी कळल्यावर 1 मे पासून त्याने कच्ची रेखाटने सुरू केली आणि जूनच्या आरंभी चित्र पूर्ण झाले. सुमारे साडेअकरा फूट उंच व साडेपंचवीस फूट रुंद. रंग केवळ काळा, पांढरा, करडा, जणू वृत्तपत्रातील छायाचित्र. मृत मूल घेऊन किंचाळणारी आई, भाल्याने विद्ध झालेला घोडा, स्थिर उभा बैल, तुटलेली तलवार हाती असलेला भग्न सैनिक, वर डोळ्याच्या आकाराचा विजेचा दिवा. विमान नाही, बाँब नाही, शत्रूही नाही. म्हणून हे चित्र एका गावाचे राहिले नाही. स्पेनमध्ये नागरी स्वातंत्र्य परत येईपर्यंत ते तेथे जाऊ नये, असा पिकासोचा आग्रह होता. तो स्वतः 1973 मध्ये परदेशातच वारला. चित्र 1981 मध्ये स्पेनला पोहोचले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्कमधील इमारतीत या चित्राची विणलेली प्रतिकृती लावलेली होती. फेब्रुवारी 2003 मध्ये इराकवरील युद्धाची बाजू तेथे मांडली जात असताना ती निळ्या पडद्याने झाकण्यात आली. एखाद्या चित्राचे सामर्थ्य मोजावयाचे तर याहून चांगले माप आम्हांस सापडले नाही.

आता हे सारे आपल्याकडे कसे आले ते पाहू. 1940 च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या मुलांना प्रादो वा पॅरिस पाहण्याची सोय नव्हती. त्यांना मिळाली ती छापील चित्रे. हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडेन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्या घरी ही मुले जमत, पुस्तके उघडत, वाद घालत. स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. धर्म, प्रांत आणि आर्थिक स्थिती या तिन्ही दृष्टींनी इतका मिश्र गट आपल्या कलेच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. आरा हे घरगडी व मोटारी धुण्याचे काम करीत मुंबईत वाढले आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. हुसेन सिनेमाची पोस्टरे रंगवीत.

सोझा यांचा जन्म 1924 मध्ये गोव्यातील साळगाव येथे. वडील लवकर वारले आणि आई मुंबईत शिवणकाम करून संसार चालवी. 1942 च्या आंदोलनाचा पुरस्कार केल्यामुळे त्यांना 1945 मध्ये जे. जे. मधून काढून टाकण्यात आले. गोव्यातील चर्चमध्ये पोर्तुगीजांबरोबर आलेल्या संतांच्या व सुळावरील ख्रिस्ताच्या रक्तबंबाळ मूर्ती ते लहानपणापासून पाहत आले होते. म्हणजे इबेरियाची ही प्रतिमासृष्टी त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. 1949 मध्ये ते लंडनला गेले. त्यांच्या चित्रांतील कपाळावर सरकलेले डोळे, आडव्या-उभ्या रेघांनी शिवल्यासारखे चेहरे यांत पिकासो दिसतो हे खरे. 1962 मध्ये त्यांनी पिकासोच्या त्या प्रसिद्ध तरुणींना उद्देशून 'बेलसाइज पार्कमधील तरुणी' हे चित्रच काढले. 1959 मधील त्यांचे 'क्रूसिफिक्शन' आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

तय्यब मेहता या गटाच्या निकटचे. 1947 च्या दंगलींत मुंबईच्या महंमद अली रोडवर एका माणसाची जमावाने केलेली हत्या त्यांनी खिडकीतून पाहिली. ती त्यांच्या मनातून गेली नाही. 1956 मध्ये त्यांनी 'बांधलेला बैल' रंगविला, पुढे कोसळणारी माणसे रंगविली, आणि 1970 मध्ये वांद्र्याच्या कत्तलखान्यातील दृश्ये घेऊन 'कूडल' हा लघुपट केला. 'गेर्निका'तील बैल उभा आहे. मेहतांचा बैल पाय बांधून खाली पाडलेला आहे. बैल तोच, पण त्याच्यावरील संकट मुंबईचे आहे.

हुसेन यांचा जन्म 1915 मध्ये पंढरपूरचा. त्यांच्याविषयीची एक हकीकत महाराष्ट्रातच घडली आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. 1960 च्या दशकाच्या प्रारंभी कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या इमारतीसाठी भव्य भित्तिचित्र हवे होते. डॉ. होमी भाभा स्वतः चित्रे काढीत. त्यांनी ब्रिटिश वैज्ञानिक जे. डी. बर्नाल यांच्यामार्फत थेट पिकासोला विचारणा केली. ते जमले नाही. मग भारतीय चित्रकारांकडून आराखडे मागविण्यात आले आणि काम हुसेन यांना मिळाले. 'भारत भाग्य विधाता' हे त्यांचे भित्तिचित्र आजही त्या संस्थेत आहे. पिकासो आले असते तर मुंबईला एक पिकासो मिळाला असता. न आल्यामुळे जे मिळाले त्यात आमच्या मते तोटा नाही. 1971 मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पिकासो व हुसेन हे दोघेही विशेष निमंत्रित होते आणि हुसेन यांनी तेथे महाभारतावरील चित्रे मांडली. 2011 मध्ये हुसेन लंडनमध्ये वारले. गोया बोर्दोत, पिकासो फ्रान्समध्ये आणि हुसेन लंडनमध्ये. तिघांनाही मायभूमीची माती लाभली ती मृत्यूनंतर, किंवा लाभलीच नाही.

या सर्व मंडळींवर 'पाश्चात्त्यांची नक्कल' असा आरोप सतत झाला. तो तपासून पाहिला पाहिजे. गोयाने तरुणपणी, 1778 मध्ये, व्हेलास्केसच्या चित्रांच्या प्रतिकृती ताम्रपत्र्यावर कोरल्या. तेथेच त्याचा हात तयार झाला. पिकासोने वयाच्या 75 व्या वर्षी, 1957 मध्ये, 'लास मेनिनास' समोर ठेवून 58 चित्रांची मालिका केली आणि त्यांतील 44 थेट त्या एका चित्राच्या उलटसुलट आवृत्त्या आहेत. युरोपीय चित्रकाराने आफ्रिकेतून घेतले तर तो शोध आणि मुंबईच्या चित्रकाराने युरोपातून घेतले तर ती नक्कल, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. मात्र आरोप पूर्णतः खोटाही नाही. त्या काळी मुंबईत घनवादी दिसणारी पुष्कळ चित्रे निघाली, ज्यांत कोनाडे व त्रिकोण होते पण सांगावयाचे काहीच नव्हते. ती आज कोणास आठवत नाहीत. जे चित्रकार आपले दुःख घेऊन पिकासोकडे गेले त्यांना अवजार मिळाले. जे रिकाम्या हाती गेले त्यांना केवळ वळण मिळाले. चित्रकलेच्या तासाला पुस्तकातले चित्र उतरवून काढणाऱ्या मुलास म्हणूनच कोणी हिणवू नये. त्याने ते चित्र काढून झाल्यावर आपल्या वस्तीतील एक माणूस त्याच रीतीने काढून पाहावा, एवढी सूचना पुरेशी आहे.

स्पेनचे आणखी दोन चित्रकार राहिले. मिरोचे हसरे ठिपके आणि रेषा मुलांना विनासायास आवडतात. साल्वादोर दालीची वितळणारी घड्याळे सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेली असतात. दालीविषयी एक गमतीची गोष्ट येथे सांगून टाकतो. 1967 मध्ये तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाने त्याच्याकडून प्रवाशांना भेट देण्यासाठी रक्षापात्राचा नमुना करून घेतला. मोबदला म्हणून त्याने हत्तीचे पिल्लू मागितले, आणि ते बंगळुरूहून विमानाने खरोखरच पाठविण्यात आले! हा विक्षिप्तपणा रंजक खरा, पण दालीने फ्रँकोच्या हुकूमशाहीशी जमवून घेतले, हेही आम्ही विसरू शकत नाही.

नागपूरचे सवी सावरकर यांचा उल्लेख या लेखात अखेरीस येत असला तरी आपल्या वाचकांच्या ते सर्वांत जवळचे आहेत. 1961 चा जन्म, आंबेडकरी संस्कार, बडोद्यास मुद्राचित्रणाचे शिक्षण, काही काळ मेक्सिकोत वास्तव्य आणि पुढे दिल्लीत अध्यापन. त्यांच्या ठशांत गळ्यात मडके व हाती झाडू असलेला अस्पृश्य मनुष्य पुन्हा पुन्हा येतो, देवदासी येते. काळी, ओबडधोबड, आम्लाने खाल्लेली रेषा. पत्रा, आम्ल, शाई आणि ओला कागद ही सामग्री गोयाचीच आहे. फरक इतकाच की गोयाने 'मी हे पाहिले' असे लिहिले ते खिडकीतून वा रस्त्याच्या कडेने पाहणाऱ्याचे शब्द होते. सावरकर यांच्या चित्रातील मडके त्यांच्या आजा-पणजांच्या पिढ्यांच्या गळ्यातले आहे.

ज्या माजी विद्यार्थ्यांना मुंबईस जाणे घडते त्यांनी फोर्टमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासाठी दोन तास राखून ठेवावेत. पालकांनी मुलांना बरोबर न्यावे. आणि चाकण वा भोसरीच्या शॉपमधून बाद झालेला तांब्याचा किंवा जस्ताचा एखादा गुळगुळीत तुकडा रीतसर मिळत असेल, तर तो भंगारात टाकण्यापूर्वी कलाशिक्षकांना विचारावे. त्यावर सुईने कोरलेल्या रेषेत शाई भरून ओल्या कागदावर छाप काढण्यास आम्लाचीही गरज नाही. आम्लाचे काम पुढे, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.